पिठाची गोळी

व्यसन सोडवणारी एक नवी गोळी काही वर्षांपूर्वी आमच्या धुळ्यात, देवपुरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तपासली जात होती, आणि त्या तपासणीचा निम्मा भार माझ्या डोक्यावर होता. हे ऐकून कोणाला धडकी भरली तर मी समजू शकते. मलाही भरली होती. पण मेडिकलच्या दुकानात दिवसभर उभं राहण्यापेक्षा इथे बसायला खुर्ची होती, वर पंखा होता आणि टेबलावर 'समन्वयक' अशी पाटी होती. आमच्या खानदानात तोवर कोणी समन्वयक झालेलं नव्हतं. आईने ही बातमी चोपड्यापर्यंत पोचवली आणि तिथल्या आत्याने मुलगी कुठल्या गावची समन्वयक झाली ते विचारलं.

मेडिकलचं सांगते, कारण ते न सांगता पुढचं सांगणं लबाडीचं होईल. फार्मसीची पदवी घेतल्यावर चार वर्षं मी चोपड्याला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होते. तिथे संध्याकाळी केळी भरणारे मजूर यायचे. केळीची गाडी भरायची म्हणजे बागेतून घड खांद्यावर घेऊन चिखलातून चालत रस्त्यापर्यंत आणायचा, ठेवायचा, परत जायचं, आणि हे गाडी भरेपर्यंत करायचं. दिल्लीकडे जाणारी गाडी थांबत नाही, म्हणून पाठीनेही थांबायचं नाही. त्यावर एक दुखण्याची कॅप्सूल होती. ती घेतली की दुखायचं थांबायचं आणि वर जरा बरंही वाटायचं. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, असं पाकिटावर लाल अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते वाचण्याइतकं शिक्षण त्या काउंटरवर फक्त माझं झालेलं होतं. मी द्यायचे. सगळे देतात, असं मी स्वतःला सांगायचे, आणि सगळे देतच होते. पुढे एकाच्या जागी चार लागायला लागल्या, गाडी नसेल त्या दिवशीही लागायला लागल्या, आणि नाही मिळाल्या की अंगाला घाम, नाकाला पाणी, पोटात मुरडा. तेव्हा आम्ही त्या माणसांना 'गोळीवाले' म्हणून हसायला मोकळे होतो.

तर अशा माणसांसाठी ती नवी गोळी होती. रोज एक घ्यायची आणि कॅप्सूलची तलफ कमी व्हायची, असा कंपनीचा अंदाज होता. कंपनीला नुसता अंदाज बाळगता येत नाही, तो कागदावर सिद्ध करावा लागतो. म्हणून निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यायची. कोणाला कोणती, हे रोग्याला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही. बाटल्यांवर फक्त आकडे. ते कंपनीच्या कम्प्युटरला माहीत. म्हणजे खोलीत जितकी माणसं होती तितकी सगळी अडाणी, आणि शहाणपण सगळं दुसऱ्या राज्यातल्या एका यंत्रात. ही जगातली सगळ्यात प्रामाणिक पद्धत आहे, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं, आणि खरं सांगायचं तर ते खरंच आहे.

आमचे डॉक्टर मनाचे डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता. फक्त आपलं नाव परदेशी मासिकात छापून यावं, ही एकच तलफ त्यांना होती आणि तिच्यावर चाचणी कोणी घेत नव्हतं. चाचणी मिळाली खरी, पण माणसं मिळेनात. सोनगीरकडचे एक-दोन ट्रकड्रायव्हर आले, पैकी एकाने 'लघवी तपासणार' हे ऐकताच गाडी चुकीच्या जागी लावल्याचं आठवून जो पळ काढला तो परत आला नाही. कंपनीच्या बाई दर महिन्याला येऊन तपासणी करायच्या आणि आकडा वाढवा म्हणायच्या. डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी चोपड्याकडे बघितलं. काखेत कळसा होता, गावाला वळसा कशाला.

चोपड्याजवळच्या एका खेड्यातले दोन सख्खे भाऊ माझ्या ओळखीचे होते. ओळख काउंटरवरची, ती कशी ते सांगायला नको. दोघंही केळी भरायचे, दोघंही कॅप्सूलवर होते. थोरला चाळिशीला आलेला, कमी बोलणारा, रुंद खांद्याचा. धाकटा त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान आणि बोलका. त्यांची आई, जिला मी अक्का म्हणायचे, त्यांना घेऊन अमळनेरमार्गे एसटीने देवपुरात आली. दोघांच्या मधे बसली. दोघांना एकेक केळं सोलून दिलं आणि ते सारख्याच आकाराचं आहे ना, हे बघून घेतलं.

एकाच घरातले दोघं घ्यावेत का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी नियमांचं जाडजूड बाड चाळलं आणि त्यात मनाई कुठे लिहिलेली नाही असं आनंदाने सांगितलं. मुंबई-अहमदाबादकडे बसून नियम लिहिणाऱ्यांच्या घरात एका वेळी दोन भाऊ राहत नसावेत. संमतीचे कागद सह्यांसाठी पुढे ठेवले, कॅमेरा लावला, कारण संमती घेतल्याचं चित्रण लागतं. मी कॅमेऱ्यासमोर समजावून सांगितलं की एखाद्याच्या नशिबी खरी येईल, एखाद्याच्या नशिबी नुसती पिठाची, आणि कोणाला काय ते शेवटपर्यंत कळणार नाही. आधीपासून बाजारात असलेलं जुनं औषधही आहे, ते घ्यायचं असेल तर घ्या, हेही सांगितलं. भावांनी नवीनच हवं म्हणून माना डोलावल्या. जुन्याला कोण विचारतं. चित्रणात अक्का स्पष्ट दिसते, मांडीवर पिशवी घेऊन विचार करत बसलेली. तिच्या डोक्यात तेव्हाच काय शिजायला लागलं होतं ते कॅमेऱ्याला दिसलं नाही आणि मलाही नाही.

दर पंधरा दिवसांनी ते यायचे. लघवी द्यायची, उरलेल्या गोळ्या मोजून परत द्यायच्या आणि एक प्रश्नावली भरायची. प्रश्नावलीचं मराठी कोणीतरी पुण्यात बसून केलेलं होतं. 'गत सप्ताहात आपणांस पदार्थसेवनाची अनिवार इच्छा कितपत झाली?' असं मी थोरल्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने अतिशय आदराने माझ्याकडे बघितलं आणि सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यागत हात जोडले. मग मी किती तलफ लागली म्हणून विचारलं. त्यासाठी एक रेषा होती. डाव्या टोकाला अजिबात नाही, उजव्या टोकाला सहन होत नाही, मधे कुठेतरी फुली मारायची. थोरल्याने रेषा संपल्यावर पुढे कागदाच्या कडेला फुली मारली. मी त्याला समजावलं की फुली रेषेवरच मारावी लागते, कंपनीने तलफ तेवढीच धरलेली आहे. त्याने मुकाट्याने फुली आत आणली.

पहिल्या महिन्यात धाकटा सुधारला. इतका सुधारला की मला खोटं वाटलं. लघवी स्वच्छ, झोप लागते, रेषेवरची फुली डावीकडे सरकत चाललेली. त्याची बायको एकदा सोबत आली तेव्हा पायऱ्या चढताना गुणगुणत होती. थोरला मात्र जिथल्या तिथे. महिनाभर नेमाने रोज एक गोळी, आणि वरून पूर्वीइतक्याच कॅप्सूल. निष्कर्ष काढायला कम्प्युटर कशाला हवा? धाकट्याला खरी, थोरल्याला पिठाची. डॉक्टरांनी तो काढला, मी काढला, गावाने तर कधीच काढला होता. फक्त असा निष्कर्ष काढायला बंदी आहे, म्हणून दवाखान्यात आम्ही तो तोंडाने काढत नव्हतो.

थोरल्याने तो तोंडाने काढला. एकदा फुली मारून झाल्यावर मला म्हणाला, "मले तं पीठच लागनं ताई. खरी भेटती तं मी बी सुटी जातू." यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याला कोड्याचं उत्तर सापडलं होतं. आपण सुटत नाही यात आपला काही दोष नाही, बाटलीचा आहे. मी नियमाप्रमाणे 'तसं सांगता येत नाही भाऊ' म्हणाले, आणि तोही समजूतदारपणे हसला.

दुसऱ्या महिन्यात चमत्कार झाला. थोरल्याची फुली सरकायला लागली. आधी थोडी, मग बरीच. कॅप्सूल चारावरून दोनवर आल्या, मग एका दिवसाआड. तोंडावर तरतरी आली. धाकटाही बराच होता. डॉक्टर हर्षाने खोलीत फेऱ्या मारायला लागले. औषध काही शरीरांत उशिरा लागू पडतं, या विषयावर त्यांनी मला उभ्या उभ्या एक व्याख्यान दिलं, आणि मासिकात छापायच्या लेखाचं शीर्षकही ठरवून टाकलं. गोळ्यांची मोजणी तर या दोन भावांची इतकी बिनचूक यायची की कंपनीच्या बाईंनी इतर केंद्रांत त्यांचा दाखला द्यायला सुरुवात केली. बाकीच्यांच्या बाटलीत कधी दोन जास्त, कधी तीन कमी. यांच्या बाटलीत कायम हव्या तेवढ्याच.

काउंटरवर चार वर्षं काढलेल्या बाईला एवढा बिनचूकपणा पचत नाही. औषध विसरणं हा माणसाचा धर्म आहे. मी न कळवता एका दुपारी चोपड्याची एसटी धरली, तिथून रिक्षा करून त्यांच्या खेड्यात गेले. अक्का ओट्यावर बसून कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद निवडत होती. पाणी झालं, चहा झाला. मी सहज म्हणून बाटल्या बघायला मागितल्या. तिने दोन्ही बाटल्या आणून दिल्या. दोन्ही रिकाम्या होत्या. मी गोळ्यांचं विचारलं, तर तिने फडताळातून स्टीलचा एक गोल डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे ठेवला. दोघांच्या गोळ्या त्यात एकत्र होत्या, सारख्याच पांढऱ्या, सारख्याच गोल.

मी डब्यावर वाकले. अक्काला तो माझा आदर वाटला असावा, कारण तिने आपली पद्धत मोठ्या समाधानाने समजावून सांगितली. महिनाभर तिने वाट बघितली होती. एक पोरगा सुधारला, एक नाही. धाकटी सून गुणगुणायला लागली आणि थोरली सून तिच्याशी बोलेनाशी झाली. चूल वेगळी करायची भाषा निघाली. तेव्हा अक्काने दोघा पोरांच्या देखत दोन्ही बाटल्या डब्यात ओतल्या, हाताने चांगल्या कालवल्या, आणि रोज सकाळी देवाला दिवा लावून झाल्यावर दोघांच्या हातावर एकेक ठेवायला सुरुवात केली. देवपुरात जायच्या आदल्या दिवशी डब्यातून मोजून बाटल्या परत भरायच्या, म्हणून मोजणी बिनचूक.

"दोन्ही मन्हाच पोरं शेतस," ती म्हणाली. "एकले खरी नि एकले पीठ, असं मन्हा घरमा चालाव नही. मी बठ्ठ्या गोया एक डबामा टाकी दिन्यात."

या घराचा हा फार जुना कायदा होता, तो मला त्या दिवशी कळला. अक्काच्या सासऱ्याच्या वाटणीत बैलजोडीतला एक बैल तिच्या नवऱ्याला आणि एक दिराला मिळाला होता. एका बैलाने नांगर चालत नाही, पण दोघा भावांनी हट्टाने एकेक बैल दावणीला बांधून ठेवला आणि ती पेरणी घालवली. तेव्हापासून तिने पोरांत कशाचीच अशी वाटणी होऊ दिली नव्हती. टरबूज असो की भरीत, आधी एकत्र, मग सारखं. तिथे माझा नियम येऊन सांगत होता की एका भावाला औषध द्या, एकाला पीठ द्या, आणि दोघांना अंधारात ठेवा.

मी तिला चाचणी समजावण्याचा प्रयत्न केला. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत फसलेला प्रयत्न. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग तिने विचारलं की यातली खरी कोणती ते मला माहीत आहे का. नाही म्हटलं. डॉक्टरांना? त्यांनाही नाही. मग कोणाला माहीत आहे? कंपनीच्या कम्प्युटरला, मी म्हणाले.

"त्या कम्प्युटरले पोरं शेतस का?" अक्काने विचारलं आणि डब्याचं झाकण लावलं.

परतीच्या एसटीत मी अमळनेरपर्यंत ठरवत होते. गप्प बसले तर दोघांच्या नावाची माहिती खोटी, आणि त्या खोट्या माहितीवर उद्या कोणाच्या तरी पोटात औषध जाणार. सांगितलं तर दोघंही चाचणीबाहेर, गोळ्या बंद, आणि थोरला नुकता कुठे सुटायला लागलेला. अमळनेर सोडल्यावर मी प्रामाणिक राहायचं ठरवलं. त्यात प्रामाणिकपणा किती होता आणि कंपनीच्या बाई कधीतरी पकडतील ही भीती किती होती, याची मोजणी मी आजवर केलेली नाही. एक मात्र आठवतं, की धुळ्याच्या स्टँडवर उतरताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

मी लेखी कळवलं. डॉक्टरांनी ते वाचून डोक्याला हात लावला आणि हे तोंडी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं विचारलं. कंपनीकडून आभाराचं पत्र आलं, नियमांबाबतच्या माझ्या दक्षतेची नोंद घेतल्याचं. सोबत हुकूम होता: दोघांना वगळा, सर्व गोळ्या ताब्यात घ्या. म्हणजे तो डबा परत आणायला मलाच जायचं होतं.

त्या दिवशी थोरला घरी होता. मी गोळ्या पिशवीत ओतून घेत होते आणि तो दाराला टेकून बघत होता. त्याने एकदाच विचारलं, त्याच्या वाट्याच्या ठेवल्या तर चालतील का. नाही म्हटलं. जुनं औषध आहे, देवपुरात या, फुकट मिळवून देते, असं म्हणाले. त्याने नको म्हटलं. जुनं आपल्याला नको, ही नवी बाजारात आली की विकत घेऊ. डब्यातल्या निम्म्या खऱ्यांनी एवढा गुण आला, तर सगळ्या खऱ्या मिळाल्यावर काय होईल, असा त्याचा हिशोब होता आणि त्यात मला चूक काढता आली नाही. अक्काने मला चहा दिला नाही. खानदेशात चहा न देणं ही शिवी आहे, आणि ती मला लागली.

पंधरा दिवसांत थोरला चारवर आला. पुढे सहा. बागेतून येताना एकदा घडासकट पडला, खांद्याला इजा झाली, त्या दुखण्यासाठी आणखी कॅप्सूल. हे मला धाकट्याकडून फोनवर कळायचं. धाकटा गोळी बंद होऊनही ठीक होता, त्याला औषध पुरतं लागू पडलं होतं, असं तो म्हणायचा. मी दर वेळी थोरल्याला जुन्या औषधासाठी पाठवायला सांगायचे, आणि दर वेळी उत्तर यायचं की तो नवीची वाट बघतोय. माणसाला व्यसनातून सोडवायला निघालेली मी, त्याला एका गोळीचं व्यसन लावून आले होते, जी त्याला कुठे मिळणार नव्हती. मला रात्रंदिवस लाज वाटायची असं नाही. पण त्याचा विषय निघाला की वाटायची, आणि अजून वाटते.

वर्षभराने चाचणी संपली आणि कम्प्युटरने तोंड उघडलं. नवी गोळी आणि पिठाची गोळी यांच्यात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही, म्हणून कंपनीने ती गोळी बंद करून टाकली. डॉक्टरांचा लेख शीर्षकासकट जागच्या जागी राहिला. निकालाचं पाकीट आलं, त्यात आमच्याकडच्या प्रत्येक रोग्याची यादी होती, कोणाला काय मिळालं त्याची. रोग्याने विचारलं तर त्याला सांगणं हे आमचं कर्तव्य.

मी दोघा भावांचे आकडे शोधले. धाकट्याच्या बाटलीत पीठ होतं. थोरल्याच्या बाटलीत खरी गोळी होती.

मी यादी तीनदा बघितली. म्हणजे थोरल्याने पहिला सबंध महिना खरं औषध घेतलं, आणि तो तसूभर हलला नाही. धाकटा महिनाभर पीठ खाऊन सुटला. त्याच्या बाबतीत सुंठीवाचून खोकला गेला होता, आणि कसा, ते मी नंतर फोनवर विचारलं. त्याच महिन्यात त्याने केळी भरणं सोडून ठिबकच्या नळ्या बसवायचं काम धरलं होतं. पाठ दुखायची थांबली. आमच्या बावीस पानी प्रश्नावलीत झोप होती, भूक होती, अनिवार इच्छा होती, पाठीचा एकही प्रश्न नव्हता. आणि ज्या माणसांना मी स्वतः काउंटरवरून पाठीसाठी कॅप्सूल दिल्या होत्या, त्यांना पाठीचं विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. थोरला दुसऱ्या महिन्यात सुधारला तो कशाने, तर डब्यात आता खरी आहे या समजुतीने. ती समजूत मी पिशवीत ओतून घेऊन आले होते.

मी चोपड्याला गेले, कारण फोनवर बोलायची ही गोष्ट नव्हती. थोरला ओट्यावर बसलेला होता. गालफडं बसलेली, एक खांदा खाली. मी त्याला आधी नवी गोळी कधीच येणार नाही हे सांगितलं. कंपनीने बंद केली, तिच्यात काही दम नव्हता. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो विचारायचा त्याला हक्क होता आणि ज्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं होतं.

"ताई, खरं सांगा. मन्ही बाटलीमा काय व्हतं?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला ओट्यावर बसल्या बसल्या दिसत होतं. खरं औषध खाऊनही जो सुटला नाही, असा माणूस म्हणून त्याने उरलेला जन्म काढला असता. जुन्या औषधाकडे त्याने ढुंकूनही बघितलं नसतं. एका म्हातारीने पोरांच्या मायेने गोळ्या कालवल्या त्याचा मी लेखी अहवाल दिला होता, शिक्क्यासहित. आता मी त्याच्या डोळ्यांत बघून सरळ सांगितलं.

"पीठ होतं भाऊ."

त्याने लांब श्वास सोडला. मला वाटलं तो चिडेल. त्याच्या तोंडावर मी आजवर न बघितलेली सुटका होती.

"मी घरमा बठ्ठास्ले सांगेल व्हतं," तो म्हणाला. "मंग खोट मन्हामा नही." मग तो हसलासुद्धा. "नि तशी बी ती गोयी खराब निंघनी. पीठ भेटनं ते बरंच व्हयनं."

मी बरंच झालं म्हणाले. मग जुन्या औषधाचं सांगितलं. ते किती वर्षांचं आहे, किती जणांना लागू पडलंय, त्यात पिठाची बाटली नसते, आणि गाडी भरायचं काम सोडल्याशिवाय ते नीट लागू पडत नाही, हेही सांगितलं. धाकट्याबरोबर ठिबकचं काम बघतो म्हणाला. अक्काने आतून चहा आणून दिला. तिला मी काही सांगितलं नाही आणि तिने काही विचारलं नाही.

मंगळवारी तो देवपुरात आला. या औषधाआधी एक दिवस कॅप्सूल बंद ठेवावी लागते, त्यामुळे नाक वाहत होतं, अंगावर काटा होता आणि शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिली गोळी माझ्यासमोर द्यायला सांगितली. जिभेखाली ठेवायची, विरघळू द्यायची, गिळायची नाही. मी ती त्याच्या हातावर ठेवली. त्याने तळहात उजेडाकडे वळवून ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"हाई खरी शे ना, ताई?"

"खरी आहे भाऊ," मी म्हणाले.

या वेळी मी खरं बोलत होते. माझा आवाज त्या दिवशी ओट्यावर निघाला होता अगदी तसाच निघाला, आणि त्याने तितक्याच विश्वासाने तोंड उघडलं.